पत्र्याखालचा पत्रा

औशात लातूर-तुळजापूर रस्त्याला माझं गॅरेज आहे. येणाऱ्या गाड्यांत आता बोलेरो, पिकअप आणि छोटे टेम्पो जास्त. तरी जुनी जीप, फियाट, अँबेसिडर घेऊन लोक अजून येतात. निलंग्याहून, उमरग्याहून, एखादा थेट नांदेडहून. जुनी गाडी हातात घेतली की ती पूर्ण उघडायची, असा माझा नियम आहे. वरून रंग मारून आणि इंजिन डिझेलनं धुऊन मी गाडी परत देत नाही. पूर्ण उघडलेल्या गाडीतून काही ना काही निघतंच. त्यासाठी प्रत्येक गाडीमागे रंगाचा एक रिकामा डबा ठेवतो आणि त्यावर खडूनं गाडीचा नंबर लिहितो. गॅरेजातल्या पोरांना सक्त ताकीद आहे की बोल्ट हरवला तर नवा आणता येईल, पण गाडीतून निघालेलं काहीही झाडून टाकायचं नाही. आधी डब्यात, मग मालकाच्या हातात.

नाणी सगळ्यांत जास्त निघतात. फियाटची मागची सीट उचलली की खाली पाच पैशांची चौकोनी, दहा पैशांची नागमोडी कडेची नाणी मिळतात. कधी कमळ असलेलं पितळी वीस पैशांचंही मिळतं. ते १९६८ पासून काही वर्षं निघत होतं. शिवाय केसांच्या पिना, गोट्या, सुपारीची खांडं, एसटीची तिकिटं. दाराच्या पोटात वेगळा माल असतो. काचेचं रबर झिजलं की फट पडते आणि लेकरं त्या फटीतून हाताला लागेल ते आत सारतात. एका पद्मिनीच्या दाराचा पॅड काढला तेव्हा काच वर-खाली करणाऱ्या पट्टीत घडी घातलेला कागद अडकलेला होता. उघडून बघितला तर मंडळाचा शिक्का असलेलं दहावीचं हॉल तिकीट. मालकाच्या थोरल्या बहिणीचं. परीक्षेच्या तोंडावर ते हरवलं म्हणून घरात रडारड झाली होती आणि सगळ्यांनी तिलाच बोल लावला होता. दुसरं तिकीट मिळालं, ती पास झाली, पुढे शिक्षिका झाली. भावानं गॅरेजातूनच तिला फोन लावला. फोनवर ती एवढंच म्हणाली, "ते जपून आण, मला आईला दाखवायचंय."

अशा वस्तू कुठल्याही शहरातल्या गॅरेजात सापडतील. एक जीप मात्र अशी आली की तिच्यात आमच्या या तालुक्याचाच जमाखर्च निघाला.

जीप औसा तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याची. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही आबाच म्हणतो. आखाड्यावर पत्र्याच्या शेडात ती बरीच वर्षं उभी होती. शेड पाडून तिथं गोदाम बांधायचं ठरलं, भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला, तेव्हा पुण्यात नोकरी करणारा त्यांचा मुलगा म्हणाला, "विकू नका, मी करून घेतो." ट्रॅक्टरला बांधून ती माझ्या दारात आली. वरून बघता साधी महिंद्रची उंच बॉनेटची जीप, पांढऱ्या रंगाची, डाव्या स्टिअरिंगची, मागच्या पत्र्यावर डावं स्टिअरिंग असल्याची पुसट पाटी. डाव्या स्टिअरिंगमुळे कुणाला वेगळी शंका यायचं कारण नव्हतं. महिंद्रनं स्वातंत्र्यानंतर विलीज जिपा सुट्या भागांतून मुंबईत जोडायला घेतल्या, पुढे सीजे-३बी इथंच बनवली, आणि आपल्याकडच्या जुन्या जिपांना डाव्या बाजूचंच स्टिअरिंग सर्रास असायचं. आरसी बुकात मेक म्हणून विलीज लिहिलेलं, सालाच्या रकान्यातली शाई उडालेली. आमच्याकडे सगळ्याच जुन्या जिपांना विलीज म्हणतात, त्यामुळे तिकडेही कुणी लक्ष दिलं नव्हतं. आबांच्या वडिलांनी ती सोलापुरातून एका ठेकेदाराकडून जुनीच घेतली होती.

मागच्या बाजूला दोन अँगल वेल्ड केलेले होते. ते कशाचे, हे विचारावं लागलं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात या भागातल्या प्रत्येक चालत्या गाडीला पाण्याची टाकी बसवायला माणसं माझ्याकडे रांग लावून उभी होती. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते त्याच एप्रिलात. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, सुमारे पाच लाख लिटर पाण्याची. ते पाणी शहरासाठी होतं. खेड्यांनी आपापली सोय अशा अँगलांवर टाक्या बांधून केली. अँगल कापून काढले आणि डब्यात मावत नव्हते म्हणून डब्याशेजारी ठेवले.

बंपर आणि पुढचा जाळीचा पत्रा उतरवल्यावर चेसिसच्या पोकळीत उंदरांचं कोठार सापडलं. हे नवं नाही, उभ्या गाडीत उंदीर येतातच. पण कामाला असलेल्या पोराला मी ते हातानं ओढून फेकू दिलं नाही, लांब सळईनं सावकाश बाहेर काढायला सांगितलं. तोंडाशी सोयाबीनच्या शेंगांची टरफलं होती. त्याच्या आत तूर, ज्वारीचा भुसा. आणि अगदी तळाशी करडईची पांढरी टरफलं, दाबून दाबून घट्ट झालेली. आबा बाजूला खुर्चीवर बसले होते. त्यांनी करडईचं टरफल बोटांत चुरडलं आणि कुठल्या वावरात करडई असायची, ती काढताना काटे लागू नयेत म्हणून हातापायांना काय बांधायचे, हे सगळं त्यांनी मुलाला सांगितलं. मुलाला करडईचं शेत बघितल्याचं आठवत नव्हतं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत लातूर जिल्हा सोयाबीनचा झाला, आणि रब्बीतली करडई बांधावरूनसुद्धा गेली. शेतीखात्याच्या तक्त्यात हे आकड्यांनी असेलच. माझ्यापुढे ते एका नळकांड्यात थरावर थर रचलेलं होतं.

रेडिएटर उघडला तर वरच्या टाकीत पिवळा खडा जमलेला. ती हळद. रेडिएटर गळायला लागला आणि जवळ वेल्डिंगवाला नसला की मूठभर हळद पाण्यात टाकायची. ती फुगून बारीक चिरेत बसते आणि गाडी गावापर्यंत पोचते. पेट्रोलची टाकी पाझरत असली तर अंगाच्या साबणाची वडी त्या जागेवर घासायची. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. हे उपाय मी पोरगा असताना उस्तादांकडून शिकलो. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. आज कुणी हळद टाकून गाडी आणली तर मी रागावतो, कारण हळदीनं रेडिएटरच्या नळ्या कायमच्या बंद होतात आणि मग इंजिन तापतं. पण जी हळद सापडली ती कुणीतरी रस्त्यावर अडकलेल्या माणसानं टाकलेली असते. तिच्यामुळे एखादी बाळंतीण दवाखान्यात वेळेवर पोचली असेल. म्हणून हळदीचा खडासुद्धा डब्यात गेला.

नंतर बॉडीचं काम निघालं. मागच्या हौद्याचा पत्रा डेंटरनं ठोकून बघितला आणि म्हणाला, "मिस्त्री, इथं पत्र्यावर पत्रा हाय." गंजलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा टाकणं आमच्याकडे नेहमीचं. खर्च कमी होतो. पण हा पत्रा वेगळ्या तऱ्हेनं बसवलेला होता. कडेनं अखंड वेल्डिंग आणि वेल्डिंगवरून डांबर फासलेलं. गंज झाकायला इतकं कुणी करत नाही. छन्नीनं कडा सोडवत गेलो. वरचा पत्रा उचलला तर खालचा जवळजवळ शाबूत होता, त्यावर गंजाचे मोजके डाग. आणि त्याच्या खाचांत वाळलेली माती, मातीत कडब्याचे बारीक तुकडे आणि हिरव्या बांगड्यांच्या काचा.

मी आबांकडे बघितलं. ते उठून जवळ आले होते. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "किल्लारीचं हाय ते."

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून माणसं उशिरा झोपली होती. किल्लारी आमच्या औसा तालुक्यातलं गाव. मंगरूळ, तळणी, गुबाळ, नांदुर्गा, तिकडे धाराशिव जिल्ह्यात सास्तूर, होळी, राजेगाव. सगळ्या गावांत दगडामातीची घरं होती. हातभर जाडीच्या दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर लाकडी माळवद आणि माळवदावर वर्षानुवर्षं टाकलेली माती. उन्हाळ्यात गार राहणारं ते घर भूकंपात सगळंच्या सगळं आत कोसळलं. माळवदाच्या मातीत माणसं गुदमरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. काही ठिकाणी हा आकडा दहा हजारांच्या जवळ सांगतात. ५२ गावं पुढे पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली.

मी तेव्हा चाचांकडेच काम करत होतो. औशातही घरं हादरली होती, सगळे रस्त्यावर होते. उजाडता उजाडता लामजन्याच्या रस्त्यानं गाड्या जायला लागल्या आणि दुपारपासून पाऊस, चिखल. चाचांनी गॅरेज चोवीस तास उघडं ठेवलं. पंक्चर, क्लच, रेडिएटर, जे येईल ते करायचो आणि पैशाचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. आबांची जीप त्या गर्दीत येऊन गेली असेल तर मला आठवत नाही. त्या दिवसांत मला गाड्या आठवतात, माणसांचे चेहरे नाही आठवत.

आबा बोलले ते असं. पहाटेच ते जीप घेऊन निघाले, कारण बहीण तिकडच्या गावात दिलेली. बहीण वाचली होती. मग गावातल्या माणसांनी जीपमध्ये एकेकाला आणून ठेवायला सुरुवात केली. काही जखमी, काही गेलेले. आबा दवाखान्यापर्यंत आणत, उतरवत आणि परत जात. "मागं वळून बघितलं न्हाई. आरशातबी न्हाई बघितलं. कोण हाय, किती हायत, काही इचारलं न्हाई. नुसती चालवली." नंतर जीप ओढ्यावर नेऊन धुतली, पुन्हा धुतली. तरी हौद्यात बसायला घरातलं कुणी तयार होईना आणि आबांना स्वतःलाही तिथं बघवेना. म्हणून त्यांनी वर नवा पत्रा टाकून घेतला. वेल्डिंगवाल्याला सांगितलं की फट ठेवू नको, डांबर लाव.

ते सगळं त्यांच्या मुलाला माहीत नव्हतं. त्यानं एवढंच ऐकलं होतं की भूकंपात आबांनी जीप चालवली. वडील मुलाला असली गोष्ट घरात बसून सांगत नाहीत. खालचा पत्रा दिसल्यावर, हातात बांगडीची काच आल्यावर त्यांनी ती सांगितली, तीही माझ्या गॅरेजात, डेंटर आणि दोन पोरं उभी असताना. आम्ही त्या दिवशी पुढचं काम केलं नाही. आबांनी माती आणि काचा स्वतःच्या हातानं गोळा केल्या. जुन्या किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे, दर ३० सप्टेंबरला तिथं लोक जमतात, मानवंदना होते. पुढच्या ३० सप्टेंबरला आबा मुलाला घेऊन तिथं गेले आणि ती माती त्यांनी तिथल्या जमिनीत मिसळली.

मला तेव्हापासून ठाम वाटतं की दुरुस्तीच्या कामात घाई करणारा मिस्त्री माणसांचं नुकसान करतो. गॅस कटरनं हौदा कापून नवा पत्रा बसवला असता तर काम निम्म्या वेळात झालं असतं. काचा जळून गेल्या असत्या, माती झाडूनं गटारीत गेली असती. आणि मालकानंही तक्रार केली नसती.

बॉडी उतरवून बाजूला ठेवली आणि इंजिनाकडे वळलो. जीप मूळची पेट्रोलची, पण आत डिझेल इंजिन होतं, महिंद्रच्या जिपांत पुढे आलेलं प्यूजोचं. १९७३ नंतर पेट्रोल महागलं आणि खेड्यातल्या जिपा हळूहळू डिझेलवर गेल्या. कारखान्यात नव्हे, तालुक्याच्या गॅरेजात. इंजिन बसत नसे. त्यासाठी जागा कापायची, नवे ब्रॅकेट करायचे, गिअर बॉक्सला जोडायला मधली प्लेट लेथवर काढून घ्यायची. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जास्त थरथरतं, त्याला जाड रबराचे माउंटिंग लागतात आणि ते औशात तेव्हा मिळत नव्हते. या जिपेच्या इंजिनाखाली दोन्ही बाजूंना बाभळीचे ठोकळे निघाले. तेलात मुरवलेले, बैलगाडीचा आख करणाऱ्या सुताराच्या हातचे असावेत इतके नेमके तासलेले, आणि मधून बोल्टचं भोक सरळ. ब्रॅकेटवर हातोड्याच्या खुणा होत्या, म्हणजे ते घिसाड्यानं भट्टीत तापवून वाकवलेले. सुतार, घिसाडी, लेथवाला आणि मिस्त्री अशा चार हातांनी मिळून ते इंजिन बसवलं होतं.

टायमिंग कव्हर उघडलं. ॲल्युमिनियमच्या कव्हरच्या आतल्या बाजूला तेलाचा काळा थर असतो. रॉकेलच्या फडक्यानं तो पुसला तर खाली टोकदार सुईनं ओरखडून लिहिलेलं दिसलं. उर्दूत. मी उर्दू वाचायला शिकलेलो नाही, पण उर्दू आकडे मला येतात, कारण चाचांची हिशेबाची वही त्याच आकड्यांत असायची. चाचांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं. तेव्हा आमचा सगळा भाग हैदराबाद संस्थानात होता, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, आणि सरकारी शाळेतलं शिक्षण उर्दूत. कव्हरवर साल होतं १९८४, बेरिंगचं माप होतं वीस, म्हणजे पहिल्या मापापेक्षा वीस हजारांश इंच घासलेल्या क्रँकचं, आणि शेवटी एक खूण होती. तीच खूण ते प्रत्येक पान्याच्या दांड्यावर करायचे. १९८४, म्हणजे मी त्यांच्या हाताखाली लागलो त्याच्या आदल्या वर्षी.

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा एक फोटो त्यांच्या घरी आहे, लग्नातला. हातात पाना असलेला एकही नाही. त्यांनी किती गाड्या उभ्या केल्या याची कुठे नोंद नाही, गॅरेजची पाटीसुद्धा राहिली नाही. कव्हरच्या आत मात्र त्यांचं काम त्यांच्या अक्षरात होतं, आणि ते माप बरोबर होतं. मी मायक्रोमीटर लावून बघितलं. त्या मापामुळे मला नवं बेरिंग मागवताना अंदाज करावा लागला नाही. चाचांनी ते पुढच्या मिस्त्रीसाठी लिहून ठेवलं होतं. तो पुढचा मिस्त्री मी निघालो, याचा मला फार आनंद झाला. डोळे भरून आले, ते लपवायचं कारण नाही.

सगळ्यांत शेवटी चेसिस. नुसता सांगाडा दोन घोड्यांवर ठेवून वायर ब्रशनं गंज काढत होतो. जिपेला इंची पाने लागतात, फियाटला मिलिमीटरचे. अर्ध्या इंची बोल्टवर तेरा नंबरचा पाना बसतो, पाऊण इंचीवर एकोणीसचा, पण नऊ सोळांश इंचीला चौदाचा पाना लागतच नाही. त्यामुळे कुठला बोल्ट मूळचा आणि कुठला नंतर कुणी आटे दाबून घुसवलेला, हे पाना लावला की कळतं. पुढच्या आडव्या पट्टीजवळचे काही बोल्ट मूळचे होते आणि त्यांच्या माथ्यावर एक अक्षर कोरलेलं होतं. इंग्रजी 'एफ', वळणदार. चाचांनी एकदा शिकवलं होतं की बोल्टवर असा एफ दिसला तर ती फोर्डची जीप समजायची. त्यांनी अशा जिपा हैदराबादच्या बाजारात बघितल्या होत्या. मी डाव्या बाजूच्या चेसिसवर, इंजिनाच्या ब्रॅकेटपुढे, वरच्या अंगाला रंग खरवडला. रंगाचे थर होते, पांढरा, मग निळा, मग काळा, आणि सगळ्यांत खाली लष्करी हिरवा. त्याखाली नंबर. नंबराआधी तीन अक्षरं, जीपीडब्ल्यू. पुढचे आकडे आरसी बुकाशी तंतोतंत जुळले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराला जिपा इतक्या लागल्या की एकट्या विलीज कंपनीच्यानं त्या पुऱ्या होईनात. तेव्हा विलीजच्याच नकाशावरून फोर्डनं जिपा बनवल्या, १९४२ ते १९४५ या काळात पावणेतीन लाखांहून जास्त. जी म्हणजे सरकारी कंत्राट, पी हे ८० इंची व्हीलबेसचं चिन्ह, डब्ल्यू म्हणजे विलीजचा नमुना. आपण बनवलेला भाग विलीजच्या भागापासून वेगळा ओळखता यावा म्हणून फोर्डनं बोल्टापर्यंत सगळ्यावर एफ कोरला. अमेरिकन फौजा आसाम आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होत्या आणि युद्ध संपल्यावर त्यांच्या गाड्या हिंदुस्थानातच विकल्या गेल्या. पुढच्या महिंद्र सीजे-३बीचा व्हीलबेसही ८० इंचीच, म्हणून जुन्या लष्करी चेसिसवर नव्या बॉडीचा हौदा बिनतक्रार बसायचा. आबांच्या जिपेचं तेच झालं होतं. वरून महिंद्र, आत प्यूजो, तळाला फोर्ड. ज्या चेसिसवर आबांनी किल्लारीची माणसं आणली ती युद्धासाठी बनवलेली होती.

आता प्रश्न आला की गाडी कुठल्या काळात नेऊन उभी करायची. मुलाला नंबर सापडल्यावर हुरूप आला. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले: लष्करी हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा, नवी लहान बॉनेटची बॉडी. पैसे खर्चायची त्याची तयारी होती. त्याचा उत्साह खरा होता आणि त्यात काही चूक नव्हती. मी त्याला माझं मत सांगितलं. तारा रंगवला की ही जीप जगातल्या हजारो जिपांसारखी होईल. पण बाभळीच्या ठोकळ्यावर इंजिन बसवलेली, हळद खाल्लेली आणि किल्लारीला गेलेली जीप ही एकच आहे. ती पुसून युद्धातली गाडी करायची म्हणजे मधली सगळी वर्षं, ज्यात ती आपली होती, तीच कापून टाकायची.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नोंदणी नियम आणला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा नोंदणीला ५,०००. नियम चांगला आहे. त्यामुळे जुन्या गाड्यांना मान मिळाला. पण त्यात अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. श्रीमंताच्या मोटारखान्यात झाकून ठेवलेली गाडी या अटीत बसते. मराठवाड्यात राबलेली गाडी बसणार नाही, कारण इथं गाडी चालू ठेवायची म्हणजे ती बदलावीच लागली. माझं म्हणणं आहे की कामाला जुंपलेल्या आणि त्या कामापोटी बदललेल्या गाड्यांसाठीही एक वर्ग हवा. त्यांचे बदल हाच त्यांचा दाखला आहे.

शेवटी आबांनी निकाल दिला. "पांढरी हाय, पांढरीच ऱ्हाऊ दे." डिझेल इंजिन ठेवलं, चाचांच्या मापाचं बेरिंग घातलं. ब्रेक, स्टिअरिंगचे जोड, वायरिंग सगळं नवं केलं. जिवाशी संबंध असलेल्या भागात मी जुन्याचा मोह धरत नाही. बाभळीचे ठोकळे काढून रबराचे माउंटिंग बसवले, कारण आता ते मिळतात आणि लाकडाला भेग गेली होती. हौद्याचा वरचा पत्रा पुन्हा टाकला नाही. खालचा पत्रा साफ करून तोच ठेवला. नंबराजवळच्या चेसिसवर तळहाताएवढी जागा रंग न लावता नुसती वार्निश मारून सोडली, म्हणजे चारही रंगांचे थर दिसतात. टायमिंग कव्हर बंद करण्याआधी चाचांच्या खुणेखाली मी सुईनं साल आणि माप लिहिलं. ठोकळे, हळदीचा खडा, करडईची टरफलं, एफ असलेला एक आटे गेलेला बोल्ट, सगळं डब्यात घालून, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून मालकाच्या हवाली केलं. आबा अधूनमधून जीप घेऊन आठवडी बाजाराला येतात, मुलगा चालवतो.

लातूर, नांदेड, धाराशिवच्या आखाड्यांवर आणि वाड्यांच्या मागे अशा कितीतरी जिपा, फियाट, अँबेसिडर उभ्या आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. भंगारवाल्याला फोन करायच्या आधी एक सबंध दिवस काढा. सीट उचला, दाराचे पॅड काढा, हौद्यात पत्र्यावर पत्रा असेल तर वरचा कटरनं न कापता छन्नीनं सोडवा, चेसिसवरचा नंबर खरवडून आरसी बुकाशी ताडून बघा. ते करताना घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला शेजारी खुर्ची टाकून बसवा आणि निघालेली प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या हातात द्या. ते काय सांगतात ते लिहून घ्या, मोबाइलवर आवाज भरून ठेवा. नंतर गाडी विकायची तर विका. आणि माझ्या धंद्यातल्या भावांनो, कुठलंही कव्हर बंद करण्याआधी आतल्या बाजूला साल, माप आणि आपलं नाव लिहीत चला, ज्या लिपीत येत असेल त्या लिपीत.